पडद्याच्या अलीकडे की पलीकडे? कानाचा रिपोर्ट वाचताना

आईच्या कानांची तपासणी करून घरी आलो तेव्हा हातात एक कागद होता. वर लाल-निळ्या खुणांचा आलेख आणि खाली एक ओळ: 'बायलॅटरल मॉडरेट टू सिव्हिअर सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस'. संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, "पडदा फाटलाय का गं?" दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या काकांनीही तेच विचारलं.

पोटाचं काहीही बिनसलं की आपल्याकडे 'गॅस' होतो, तसं कानाचं काहीही बिनसलं की पडदा फाटतो. आईचा पडदा शाबूत होता. रिपोर्टच्या कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं: 'टीएम इंटॅक्ट'. टीएम म्हणजे टिम्पॅनिक मेम्ब्रेन, म्हणजे आपला पडदाच. बिघाड त्याच्या बराच पलीकडे होता आणि 'सेन्सरीन्यूरल' या एका शब्दात तो सांगून झाला होता. ऐकू किती कमी येतं हे प्रत्येकजण विचारतो, पण रिपोर्टमध्ये आधी शोधायचा शब्द तो नव्हे. बिघाड कुठे आहे हे सांगणारा शब्द आधी शोधायचा. औषध, ऑपरेशन की यंत्र, हे सगळं त्या 'कुठे'वर ठरतं.

म्हणून आधी आवाजाची वाट बघू. बाहेर दिसतो तो कान, म्हणजे पाळी आणि वरचा कुर्चेचा भाग, आवाज गोळा करून एका अडीच सेंटीमीटरच्या बोळात सोडतो. बोळाच्या टोकाला पडदा. इथवरचा भाग बाह्यकर्ण. पडद्यामागे हवेची एक छोटी खोली आहे, तो मध्यकर्ण. त्यात तीन हाडं एकमेकांत अडकवलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. लॅटिनमधली मॅलियस, इन्कस, स्टेपीस ही नावं म्हणजे हेच तीन शब्द. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. घोड्यावर बसणाऱ्याचा पाय जिथे अडकतो त्या रिकिबीसारखीच ती हुबेहूब दिसते. तिचा तळवा एका बारीक खिडकीत बसवलेला असतो आणि खिडकीपलीकडे पाणी. तिथून अंतर्कर्ण सुरू होतो.

एवढा हाडांचा खटाटोप कशाला? कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरची हाक ऐकू येत नाही, ती त्यामुळेच. पडद्याचं काम करणारं क्षेत्रफळ त्या खिडकीच्या सुमारे १७ पट असतं. मोठ्या पडद्यावरचा दाब छोट्या खिडकीवर एकवटतो आणि आवाज पाण्यात शिरतो. मध्यकर्ण म्हणजे बिनविजेचा ॲम्प्लिफायर.

पाण्याने भरलेला पलीकडचा भाग म्हणजे कॉक्लिया. ग्रीकमध्ये गोगलगाय. अडीच-पावणेतीन वेढ्यांचा शंख. त्याच्या आत केसपेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. केसपेशी म्हणजे केस नव्हेत. माथ्यावर सूक्ष्म तुरे असलेल्या या पेशी पाण्यातली हालचाल पकडून तिचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात आणि तो श्रवणमज्जातंतूवरून मेंदूकडे जातो. शंखाच्या तोंडाशी, खिडकीजवळ, तीव्र म्हणजे चिरक्या आवाजांच्या पेशी. आत टोकाशी खर्जातल्या आवाजांच्या. पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तशा. या पेशी मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात. यावरून निसर्गाचे प्राधान्यक्रम काय आहेत ते तुम्हीच ठरवा.

आता रिपोर्टमधले दोन मोठे शब्द आपोआप सुटतात. आवाज पाण्यापर्यंत पोचेपर्यंत, म्हणजे बोळ, पडदा आणि तीन हाडं यांत अडथळा असेल तर तो 'कंडक्टिव्ह' लॉस, वहनातला दोष. आवाज पोचतोय पण शंखातल्या पेशी किंवा पुढचा मज्जातंतू काम करत नसेल तर 'सेन्सरीन्यूरल', संवेदनेतला दोष. दोन्ही एकत्र असतील तर 'मिक्स्ड'. 'बायलॅटरल' म्हणजे दोन्ही कानांना आणि 'युनिलॅटरल' म्हणजे एकाच. घरच्या विजेच्या भाषेत सांगायचं तर, वायरिंग खराब की बल्ब गेला, एवढाच तो प्रश्न.

पडद्याबद्दलची आपली धास्ती इथे थोडी कमी व्हायला हरकत नाही. नुसता वहनातला दोष कितीही वाढला तरी साधारण ६० डेसिबलच्या आसपास थांबतो, कारण त्यापुढचे मोठे आवाज कवटीच्या हाडातून थेट शंखापर्यंत जातात. पडद्याला भोक पडल्याने माणूस ठार बहिरा होत नाही.

गुणगुणून बघा

एक प्रयोग आत्ता करा. एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून 'म्म्म' असं गुणगुणा. आवाज बुजवलेल्या कानात मोठा येतो. विचित्र आहे, पण नेमकं असंच होतं: हाडातून आलेला आवाज त्या कानातून बाहेर निसटू शकत नाही आणि बाहेरचा गोंगाटही आत येत नाही. बोट घालून तुम्ही स्वतःला तात्पुरता कंडक्टिव्ह लॉस करून घेतलात.

कान-नाक-घशाचे डॉक्टर कपाळाच्या मध्यभागी कंप पावणारा चिमटा टेकवून 'कुठल्या कानात वाजतंय?' असं विचारतात, ती वेबर चाचणी यावरच चालते. वहनात दोष असेल तर आवाज खराब कानाकडे जातो. संवेदनेत दोष असेल तर चांगल्या कानाकडे. त्याच चिमट्याची दुसरी चाचणी रिने. तीत आधी कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर हवेत धरून कुठे जास्त ऐकू येतं ते विचारतात. हिचा निकाल वाचताना मात्र जपून. निगेटिव्ह म्हटलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि करोनानंतर तर ती सवयच लागली आहे. रिनेमध्ये उलटं आहे. रिने पॉझिटिव्ह म्हणजे हवेतून जास्त ऐकू येतं, आणि निरोगी कानाचं असंच असतं. रिने निगेटिव्ह म्हणजे हाडातून जास्त, म्हणजे वाटेत अडथळा.

उलटा आलेख

लाल-निळ्या खुणांचा तो कागद म्हणजे ऑडिओग्राम. चाचणीचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री, बोलताना पीटीए. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा 'टीं' ऐकू आला की बटण दाबायचं. आई प्रत्येक वेळी बटण दाबून वर 'आला' असंही सांगत होती.

आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खर्जाकडून तारसप्तकाकडे. उभ्या रेषेवर डेसिबल, आणि ते वरून खाली वाढत जातात. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू यायला मोठा आवाज लागतो. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे इथलं शून्य. काहींचा कान इतका तिखट असतो की त्यांची खूण उणे पाचवर येते.

लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. या हेडफोनने, म्हणजे हवेतून, घेतलेल्या नोंदी. याशिवाय बाणाच्या टोकासारख्या किंवा चौकटी कंसासारख्या खुणा दिसतील. त्या कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेल्या नोंदी. आता दोन्ही रेघा एकत्र बघायच्या. हवेची रेघ खाली आणि हाडाची वर, मध्ये फट, तर वाटेत अडथळा आहे पण शंख ठणठणीत आहे. या फटीला 'एअर-बोन गॅप' म्हणतात, आणि ऑपरेशनने काही मिळवायचं असेल तर ते या फटीतूनच मिळतं. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली गेल्या असतील तर सेन्सरीन्यूरल. आईच्या कागदावर फट नव्हती.

डेसिबल ही फसवी मोजणी आहे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ६० डेसिबलचा आवाज ३० डेसिबलच्या दुप्पट नसतो, ऊर्जेच्या हिशेबाने हजारपट असतो. म्हणून '६० डेसिबल म्हणजे ६० टक्के कान गेला' हे गणित चूक. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी वेगळ्या सूत्राने काढतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्ट्यात, ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ऐकण्यास कमजोर, आणि ७० डेसिबलच्या पुढे कर्णबधिर. दाखला काढायचा असेल तर हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून जा. किमान ४० टक्के अपंगत्वाची जी अट सगळीकडे सांगतात, ती या डेसिबलशी जुळवू नका.

माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, प्रोफाउंड हे शब्द म्हणजे उभ्या रेषेवरचे पट्टे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या वर्गवारीत २० ते ३५ डेसिबल माइल्ड, ३५ ते ५० मॉडरेट, ५० ते ६५ मॉडरेटली सिव्हिअर, ६५ ते ८० सिव्हिअर, ८० ते ९५ प्रोफाउंड. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी जुनी वर्गवारी वापरतात आणि तिचे पट्टे थोडे वेगळे आहेत. दोन ठिकाणच्या रिपोर्टमध्ये शब्द वेगळा दिसला म्हणून घाबरू नका किंवा हुरळूनही जाऊ नका. आकडे जुळवून बघा. आणि 'माइल्ड'ला सौम्य समजू नका. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला माइल्ड लॉसमध्ये अर्धा तास हातातून निसटतो.

आईची रेघ डावीकडे वर होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती. या घसरगुंडीत आमच्या घरातली चार वर्षांची भांडणं होती. मराठीतले स्वर आणि 'म', 'न', 'ब' यांसारखे आवाज खर्जाकडचे आणि जोरकस. 'स', 'श', 'फ', 'थ' हे वरच्या पट्टीतले आणि क्षीण. उजवी बाजू घसरलेल्या कानाला 'साठ' म्हटलं तर 'आठ' पोचतं, 'तास' आणि 'ताट' सारखेच वाटतात. म्हणजे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'मला ऐकू येतंय, तुम्हीच पुटपुटता' हे ती म्हणायची ते तिच्या बाजूने अगदी खरं होतं.

मग आम्ही ओरडायचो, आणि ती म्हणायची, "ओरडतेस कशाला?" यालाही नाव आहे: रिक्रूटमेंट. केसपेशी गेलेल्या कानाला हळू आवाज अजिबात ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तुम्हा-आम्हाला वाटतो तितकाच मोठा वाटतो. ऐकू न येणं आणि कानठळ्या बसणं यांतलं अंतरच आकसून जातं. अशा माणसाशी ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. हे मला त्या कागदाने शिकवलं, तोवर चार वर्षं गेली होती.

आलेखाचा आकारही बोलका असतो. ४००० हर्ट्झपाशी एक खळगा आणि ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर, असं दिसलं की तपासणारा विचारतो, कारखान्यात काम करता का? की पथकात वाजवता? गोंगाटाने झालेल्या इजेची ती सही आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास हा कामगारांसाठी जगभर वापरला जाणारा एक हिशेब. त्यात आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे पंधरा मिनिटांत एक चौकही ओलांडून होत नाही. रात्री घरी आल्यावर कानात 'कुंई' आवाज येतो आणि सकाळपर्यंत जातो, म्हणून आपण तो विसरतो.

शब्द फोडायचे कसे

ग्रीक-लॅटिन शब्दांची भीती वाटते ती त्यांच्या लांबीची. फोडले की ते साधे निघतात. 'ओटो' म्हणजे कान. 'आल्जिया' म्हणजे दुखणं, 'रिया' म्हणजे वाहणं. म्हणून ओटाल्जिया, ओटोरिया. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यांत कर्णशूल आणि कर्णस्राव आहेत. हेच दोन शब्द, हीच घडण. 'आयटिस' म्हणजे दाह. ओटायटिस एक्स्टर्ना म्हणजे बाहेरच्या बोळाचा दाह. पावसाळ्यात किंवा पोहून आल्यावर पाळी ओढली तरी कळ येते तो. ओटायटिस मीडिया म्हणजे मध्यकर्णाचा. लहान मुलांचा रात्री ठणकणारा कान बहुधा हाच. 'मायरिंगो' आणि 'टिम्पॅनो' दोन्ही पडद्याचे. 'टॉमी' म्हणजे छेद देणं, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'प्लास्टी' म्हणजे नीट करणं. आता 'टिम्पॅनोप्लास्टी' तुम्हीच वाचा.

'प्रेस्बायक्युसिस' हा आईच्या रिपोर्टमधला शब्द. 'प्रेस्बी' म्हणजे वय झालेला, 'अक्युसिस' म्हणजे ऐकणं. डोळ्यांच्या प्रेस्बायोपियाचा हा सख्खा भाऊ. पण प्रेस्बायोपियाला मराठीने केवढा गोड शब्द दिला, चाळिशी! चाळिशी लागली म्हणताना कुणी लाजत नाही. कानाला असा शब्द मिळाला नाही. चष्मा मिरवतात आणि यंत्र केसांखाली लपवतात, त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

काही नावं सरळ दिशाभूल करतात. कोलेस्टेटोमा ऐकून कोलेस्टेरॉल आणि कॅन्सरची गाठ एकदमच आठवते. ते दोन्ही नाही. पडद्याची त्वचा आत खेचली जाऊन मध्यकर्णात वाढत बसते, मेलेल्या त्वचेचे थर साचतात आणि आसपासचं हाड कुरतडलं जातं. गाठ नसूनही हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण चेहऱ्याची नस आणि मेंदू दोन्ही शेजारीच असतात. कान फुटला, वाहतोय, ही आपल्याकडची जुनी तक्रार. रिपोर्टमध्ये तिला सीएसओएम म्हणतात आणि जुने डॉक्टर तिच्यात 'सेफ' आणि 'अनसेफ' असे प्रकार करतात. सर्दी झाली की भरपूर पाण्यासारखा किंवा शेंबडासारखा स्राव येतो तो बहुधा सेफ. थोडासाच पण घाण वास मारणारा, कधी रक्ताळलेला, तो अनसेफ, आणि त्यामागे हा कोलेस्टेटोमा असू शकतो. सुश्रुताच्या यादीत 'पूतिकर्ण', म्हणजे घाण वासाचा कान, वेगळा मोजलेला आहे. डॉक्टर आजही 'वास येतो का?' विचारतात ते उगाच नाही.

मळाबद्दल थोडक्यात. 'सेरुमेन' म्हणजे कानातला मळ, आणि त्याला मळ म्हणणं हाच अन्याय आहे. तो बोळाला संरक्षण म्हणून तयार होतो आणि बोळाची त्वचा स्वतःच सरकत त्याला बाहेर आणते. बडने आपण तो परत आत ठासतो. मग रिपोर्टवर 'इम्पॅक्टेड वॅक्स' येतं. बाळाच्या कानात न्हाणीच्या वेळी तेल घालणंही बंद केलेलं बरं.

लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये 'टाइप बी' असं एक अक्षर दिसेल. ते टिम्पॅनोमेट्रीचं, पडदा किती हलतो ते बघणाऱ्या चाचणीचं. कानात थोडा दाब कमीजास्त करतात आणि एक डोंगर उमटतो. टाइप ए म्हणजे डोंगर मधोमध, ठीक. सी म्हणजे डोंगर उणे दाबाकडे सरकलेला. कान आणि घसा जोडणारी युस्टेशियन नळी नीट उघडत नाहीये. विमान उतरताना दडा बसतो ती हीच नळी. बी म्हणजे डोंगरच नाही, सपाट. पडद्यामागे बहुधा पाणी साचलंय, किंवा पडद्याला भोक आहे. पाणी चिकट असलं की त्याला 'ग्लू इअर' म्हणतात. दुखत नाही, वाहत नाही, फक्त मूल टीव्हीचा आवाज वाढवतं आणि हाकेला ओ देत नाही. घरात त्याला 'आगाऊ' ठरवून झालेलं असतं.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये रिकिबीच्या तळव्याभोवती हाड वाढून ती खिडकीत घट्ट बसते. पडदा चांगला, पाणी नाही, तरी आलेखात फट. बायकांमध्ये जास्त आणि बहुधा ऐन तरुणपणी. या लोकांना गोंगाटात उलट बरं ऐकू येतं, कारण गोंगाटात बाकीचे आवाज चढवून बोलतात आणि यांना गोंगाटाचा त्रास कमी होतो. सतराव्या शतकातले इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी अशा एका बाईची हकिकत लिहून ठेवली आहे: शेजारी ढोल वाजत असेल तेव्हाच तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. आजही या लक्षणाला विलिसचं नाव आहे. रिकीब बदलण्याचं ऑपरेशन म्हणजे स्टेपिडोटॉमी.

चक्कर, भोवळ, गरगर

शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तोल सांभाळणाऱ्या. म्हणून कानाच्या डॉक्टरकडे चक्करही जाते. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो आणि डॉक्टरची पंचाईत होते. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, पायाखालची जमीन डळमळणं वेगळं, आणि स्वतः स्थिर असताना खोली गरगर फिरणं वेगळं. व्हर्टायगो म्हणजे फक्त हे तिसरं. अंथरुणात कूस बदलली किंवा वर माळ्याकडे पाहिलं की काही सेकंद गरगरत असेल तर बीपीपीव्हीचा संशय. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जागा सोडून नळीत शिरलेले असतात. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते परत जागेवर आणतात, त्याला एप्ली म्हणतात आणि ते काही मिनिटांचं काम असतं. हीच माणसं वर्षानुवर्षं मानेला पट्टा लावून फिरताना दिसतात, कारण गरगरण्याचा दोष मानेच्या मणक्यांवर टाकायची आपली जुनी रीत.

दुसरं नाव मेनिएर. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी असं गरगरणं कानातूनही येतं हे मांडलं. तोवर ते मेंदूचं दुखणं समजत. झटका कधी वीस मिनिटांचा, कधी काही तासांचा, सोबत कान गच्च आणि आत घोंघों. कानातल्या या आवाजाला टिनिटस म्हणतात, लॅटिनमध्ये किणकिणणं. आपल्याकडचा शब्द कर्णनाद.

थांबायचं नाही, अशी एक वेळ

सकाळी उठलात आणि एक कान अचानक गच्च. सर्दी नाही, दुखत नाही. घरचे म्हणतात, दडा बसलाय, उतरेल. बहुतेक वेळा उतरतोही. पण कधीकधी तो दडा नसतो, 'सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस' असतो, आणि त्यावर स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर पहिल्या काही दिवसांत होतो. महिनाभर थेंब घालून मग गेलं तर हातात फारसं उरत नाही.

इथे तो गुणगुणण्याचा प्रयोग आठवा. 'म्म्म' केल्यावर आवाज गच्च कानात मोठा आला तर मळ किंवा सर्दीचा दडा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. हे घरगुती निदान नाही, नुसता इशारा आहे. शंका असेल तर गुणगुणत बसू नका, निघा.

औषधांचाही एक शब्द: 'ओटोटॉक्सिक', कानाला विषारी. क्षयासाठी एकेकाळी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅन्सरवरचं सिस्प्लाटिन. ही औषधं जीव वाचवतात, त्यामुळे ती नाकारू नका. ती चालू असताना मधूनमधून पीटीए करून घेता येते, एवढं डॉक्टरांना विचारा.

बेरा

नवजात बाळाच्या रिपोर्टवर ओएई असतं. शंखातल्या केसपेशी आवाज आल्यावर स्वतःही बारीकसा प्रतिध्वनी परत पाठवतात. कान स्वतः आवाज करतो हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. तो प्रतिध्वनी मिळाला तर 'पास', नाही मिळाला तर 'रेफर'. रेफर म्हणजे नापास नव्हे. जन्मानंतर कानात साचलेल्या द्रवानेही रेफर येतं. पुन्हा तपासायचं, एवढाच अर्थ. पुढची चाचणी बेरा. नावातच 'बहिरा' ऐकू आल्यासारखं होऊन आईबाप खचतात, पण ती निव्वळ इंग्रजी आद्याक्षरं आहेत. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून, कानात टकटक वाजवून, मज्जातंतूवरून संदेश मेंदूच्या खोडापर्यंत जातो का ते बघतात. ओएई पास आणि बेरा बिघडलेली, असंही क्वचित होतं. म्हणजे शंख ठीक, पुढची वाट बंद. त्यामुळे ज्या बाळांना धोका जास्त, उदाहरणार्थ अतिदक्षता विभागात राहिलेली बाळं, त्यांची बेरा करणंच इष्ट. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा साधा हिशेब धरतात. भाषा शिकण्याचं वय कुणासाठी थांबत नाही.

आणि 'मूकबधिर' हा शब्द टाळता आला तर टाळा. कर्णबधिर माणूस मुका असतोच असं नाही. जो खुणांच्या भाषेत दिवसभर गप्पा मारतो त्याला मूक म्हणणं तर विनोदीच आहे.

आईला शेवटी यंत्र लागलं. पडदा चांगला असताना यंत्र कशाला, हे मावशीला समजावायला मला दोन फोन लागले. पहिल्या दिवशी ट्रायल घेऊन आम्ही भाजी घेतली आणि रिक्षात बसलो. मांडीवरची पिशवी ती सारखी लांब सरकवत होती. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "ही मेली पिशवी एवढी करकरते कधीपासून?" प्लास्टिकची करकर वरच्या पट्टीत असते, आलेखाच्या उजव्या बाजूला, घसरगुंडीच्या तळाशी. चार वर्षं तिथून काहीच वर आलं नव्हतं.